ख्रिस्ती उपासनावर्ष : प्रवचनाचा उतारा दिवस ठरवतो तेव्हा

वसईतील मराठी मिस्सा, पणजीतील कोंकणी मिस्सा आणि रांचीतील हिंदी मिस्सा यांची भाषा वेगळी, गायनाची चाल वेगळी आणि समोर बसलेला समाजही वेगळा असतो. मात्र सामान्यतः एकाच रविवारी या तिन्ही ठिकाणी वाचला जाणारा शुभवर्तमानाचा उतारा एकच असतो. तो त्या दिवशीच्या धर्मगुरूने निवडलेला नसतो. वर्षातील कोणत्या रविवारी कोणता उतारा वाचायचा, हे फार पूर्वी ठरून गेलेले असते आणि प्रवचनकाराने त्याच उताऱ्याच्या आधारे बोलावे अशी अपेक्षा असते. मग तो उतारा त्या आठवड्यातील घडामोडींना सोयीचा असो वा अडचणीचा.

२०११ च्या जनगणनेनुसार देशात सुमारे २ कोटी ७८ लाख ख्रिस्ती नागरिक आहेत. इतर समाजाला त्यांच्या वर्षातील नाताळ, गुड फ्रायडे आणि ईस्टर हे दिवस परिचित आहेत, कारण ते दिनदर्शिकेत ठळक छापलेले असतात. या तीन दिवसांच्या मागे वर्षभर चालणारी काळाची एक सविस्तर रचना आहे, आणि त्या वर्षाच्या आत प्रत्येक दिवसाचे प्रहर ठरवणारी प्रार्थनेची दुसरी रचना आहे. दोन्ही रचनांचा हेतू एकच म्हणता येईल : धर्माची कथा कुणा एका वक्त्याच्या आवडीनिवडीवर आणि भक्ताच्या त्या दिवशीच्या मनःस्थितीवर अवलंबून राहू नये. हा हेतू कितपत साध्य होतो, त्यासाठी कोणती किंमत मोजावी लागते आणि कोणत्या चर्चपरंपरा ही चौकट मानत नाहीत, हे समजून घेतल्यास ख्रिस्ती प्रवचनाचे स्वरूप उलगडते.

प्रतीक्षेने सुरू होणारे वर्ष

पाश्चात्त्य परंपरेतील उपासनावर्ष १ जानेवारीला सुरू होत नाही. ३० नोव्हेंबरच्या सर्वांत जवळच्या रविवारी, म्हणजे २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर या दरम्यान, आगमनकाळाला प्रारंभ होतो. नाताळपूर्वीचे चार रविवार हा प्रतीक्षेचा काळ मानला जातो. बाजारात याच दिवसांत नाताळची रोषणाई झालेली असते, पण चर्चमधील वाचने वेगळ्याच सुरात असतात. पहिल्या रविवारी जागे राहण्याचा इशारा, नंतरच्या दोन रविवारी पश्चात्तापाची हाक देणारा योहान बाप्तिस्मा करणारा, आणि त्यानंतर मरियेची कथा असा हा क्रम आहे. वेदीवरील वस्त्रे जांभळी असतात.

नाताळचा काळ २५ डिसेंबरला सुरू होतो आणि प्रकटीकरणाच्या सणापर्यंत, तसेच येशूच्या बाप्तिस्म्याच्या स्मरणापर्यंत चालतो. गोव्यात ६ जानेवारीचा हा सण तीन राजांचा सण म्हणून ओळखला जातो. रेइश मागुश, कासावली आणि चांदोर येथे राजांच्या वेशातील मुले निघतात.

त्यानंतर काही आठवड्यांनी भस्म बुधवारी उपवासकाळ सुरू होतो. आदल्या वर्षीच्या झावळ्या जाळून केलेली राख त्या दिवशी कपाळाला लावली जाते. रविवार वगळता ईस्टरपर्यंतचे चाळीस दिवस प्रार्थना, उपवास आणि दानधर्माचे मानले जातात. झावळ्यांच्या रविवारापासून पवित्र सप्ताह सुरू होतो. गुरुवारी पाय धुण्याचा विधी होतो. गुड फ्रायडेला कॅथलिक चर्चमध्ये मिस्सा होत नाही. दुःखसहनाचे वाचन, क्रूसाचे वंदन आणि आदल्या दिवशी राखून ठेवलेल्या पवित्र भाकरीचे वाटप एवढेच होते. ईस्टर एका दिवसात संपत नाही. पुढे पन्नास दिवस पुनरुत्थानाचा काळ चालतो आणि पवित्र आत्म्याच्या अवतरणाच्या सणाने, म्हणजे पेंटेकॉस्टने, तो पूर्ण होतो.

उरलेले तेहतीस किंवा चौतीस आठवडे सामान्यकाळ म्हणून ओळखले जातात. या काळाचा रंग हिरवा. वर्षातील सर्वाधिक रविवार याच काळात येतात आणि येशूची शिकवण, दृष्टांत व प्रवास यांचे क्रमवार वाचन याच काळात होते. शेवटचा रविवार ख्रिस्त राजाच्या सणाचा. हा सण पोप अकरावे पायस यांनी १९२५ मध्ये सुरू केला. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा आगमनकाळ येतो.

चंद्राशी जोडलेला सण

नाताळची तारीख स्थिर असते, ईस्टरची मात्र दरवर्षी बदलते. मराठी वाचकाला हे नवीन नाही, कारण सौर आणि चांद्र गणनेचा मेळ घालणारे पंचांग त्याच्या घरातच असते. ईस्टरचा नियम असा : २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार. त्यामुळे हा सण २२ मार्च ते २५ एप्रिल या दरम्यान कधीही येऊ शकतो. इसवी सन ३२५ मधील निकियाच्या धर्मपरिषदेने सर्व चर्चनी तो एकाच दिवशी पाळावा असा निर्णय दिला. यातील पौर्णिमा आकाशात पाहून ठरवत नाहीत, ती चर्चच्या कोष्टकांनुसार ठरते. म्हणून पंचांगातील पौर्णिमेत आणि तिच्यात कधी एखाद्या दिवसाचा फरक दिसतो.

१५८२ मध्ये ग्रेगोरियन दिनदर्शिका आल्यावर पाश्चात्त्य आणि अनेक पौर्वात्य चर्चची गणना वेगळी झाली. २०२५ मध्ये दोन्ही गणनांनुसार ईस्टर २० एप्रिललाच आला. २०२६ साठी मात्र ५ एप्रिल आणि १२ एप्रिल अशा दोन तारखा निघतात. भस्म बुधवार, पवित्र सप्ताह, स्वर्गारोहण आणि पेंटेकॉस्ट हे सारे ईस्टरला बांधलेले असल्याने एक तारीख सरकली की वर्षाचा मोठा भाग सरकतो.

दिवसाचे प्रहर

वर्षाच्या चक्रात दिवसाचे चक्र फिरत असते. काकड आरतीपासून शेजारतीपर्यंत देवाचा दिवस आखणाऱ्या समाजाला ही कल्पना सहज समजेल. दिवसातून ठरावीक वेळी प्रार्थना करण्याची रीत ख्रिस्ती समाजाने ज्यू परंपरेकडून घेतली. आरंभीच्या ख्रिस्ती समाजासाठी लिहिलेल्या ‘दिदाखे’ या प्राचीन शिक्षणग्रंथात प्रभूची प्रार्थना दिवसातून तीनदा म्हणावी, असा निर्देश आहे. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी मठवासीयांसाठी जे नियम लिहिले, त्यांत दिवसातील सात प्रार्थना आणि रात्रीची एक प्रार्थना सांगितली आहे. स्तोत्रसंहितेतील १५० स्तोत्रे एका आठवड्यात पूर्ण व्हावीत, अशी त्यांची मांडणी होती.

शेतकरी, कारागीर आणि गृहिणी यांना मठाचे वेळापत्रक पाळणे शक्य नव्हते. इंग्लंडमध्ये थॉमस क्रॅनमर यांनी १५४९ च्या सामान्य प्रार्थनापुस्तकात या प्रार्थना दोनवर आणल्या : प्रातःप्रार्थना आणि सायंप्रार्थना. सर्व स्तोत्रे महिन्याच्या तीस दिवसांत विभागली गेली आणि ती लोकांच्या भाषेत आली. कॅथलिक चर्चने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर आपल्या दैनंदिन प्रार्थनेची पुनर्रचना केली. पोप सहावे पॉल यांनी १ नोव्हेंबर १९७० रोजी जाहीर केलेल्या या रचनेत स्तोत्रांचे चक्र चार आठवड्यांचे आहे. धर्मगुरू व मठवासीयांवर या प्रार्थनेचे बंधन आहे. सर्वसामान्य भाविकांनीही तिच्यात सहभागी व्हावे, असे आवाहन आहे.

दैनंदिन प्रार्थनेत काही गीते रोज येतात. सकाळी जखऱ्याचे, संध्याकाळी मरियेचे आणि रात्री वृद्ध शिमोनाचे. यातील मरियेच्या गीतात सत्ताधीश सिंहासनावरून खाली ओढले जातात, भुकेलेल्यांना अन्न मिळते आणि श्रीमंत रिकाम्या हाताने परत जातात. राजवाड्यातील प्रार्थनागृह असो वा झोपडपट्टीतील, सायंप्रार्थना म्हणणाऱ्याला हे शब्द टाळता येत नाहीत. स्तोत्रांचेही तसेच. प्रार्थना म्हणणारा त्या दिवशी आनंदात असला तरी त्याच्या वाट्याला विलापाचे स्तोत्र येऊ शकते, आणि तो शोकात असताना स्तुतीचे. आपल्या नसलेल्या दुःखाचे शब्द उच्चारताना तो दुसऱ्या कुणासाठी तरी प्रार्थना करत असतो, असा अर्थ परंपरेने यातून काढला आहे.

घरोघरची प्रार्थना याहून साधी असते. गोवा, वसई आणि मुंबईच्या जुन्या गावठाणांत सकाळ, दुपार व संध्याकाळच्या घंटेबरोबर मरियेला झालेल्या निरोपाची छोटी प्रार्थना म्हणण्याची आणि संध्याकाळी कुटुंबाने एकत्र बसून जपमाळेची प्रार्थना करण्याची रीत आहे. प्रॉटेस्टंट कुटुंबांत त्याच वेळी शास्त्राचा उतारा, एखादे भजन आणि घरातील थोरांनी केलेली उत्स्फूर्त प्रार्थना असा क्रम आढळतो. २०२० च्या टाळेबंदीत या घरच्या प्रार्थनेवरच मोठा भार आला. त्या वर्षी गुड फ्रायडे १० एप्रिलला आणि ईस्टर १२ एप्रिलला होता. देशभरातील चर्च बंद होती. सण मात्र पुढे ढकलता आला नाही. उंबऱ्याच्या आत, पुस्तकातून वा मोबाइलच्या पडद्यावरून तो पाळला गेला.

उतारा कोण निवडतो

रविवारच्या वाचनांची ही रचना ज्यू सभास्थानांच्या रीतीशी नाते सांगते. तेथे तोराहचे साप्ताहिक भाग ठरलेले असतात आणि वर्षभरात तिचे वाचन पूर्ण होते. कोकणातील मराठी भाषक बेने इस्राएल समाजाच्या सभास्थानांतही हा क्रम चालत आला आहे. लूकच्या शुभवर्तमानात येशू नासरेथच्या सभास्थानात उभा राहतो तेव्हा त्याच्या हातात यशया संदेष्ट्याची गुंडाळी दिली जाते. तिच्यातील उतारा वाचून तो आपले पहिले जाहीर विवेचन करतो.

कॅथलिक चर्चची आजची वाचनमाला ३० नोव्हेंबर १९६९ रोजी, म्हणजे त्या वर्षीच्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी, लागू झाली. तिच्यात रविवारांसाठी तीन वर्षांचे चक्र आहे. पहिल्या वर्षी मत्तय, दुसऱ्या वर्षी मार्क आणि तिसऱ्या वर्षी लूक यांच्या शुभवर्तमानांचे वाचन प्रामुख्याने होते. योहानाचे शुभवर्तमान मुख्यतः उपवासकाळात आणि पुनरुत्थानकाळात येते. चालू वर्ष ओळखण्याची खूण सोपी आहे. इसवी सनाच्या आकड्याला तीनने पूर्ण भाग गेला तर ते लूकचे वर्ष. या आधारावर प्रॉटेस्टंट चर्चनीही एकत्रित वाचनमाला तयार केली. तिची सुधारित आवृत्ती १९९२ मध्ये प्रसिद्ध झाली. अनेक देशांत आज कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट प्रवचनकार पुष्कळ रविवारी एकाच शुभवर्तमानावर बोलतात. शतकानुशतके शास्त्राच्या अर्थावरून भांडलेल्या चर्चच्या दृष्टीने ही लहान गोष्ट नाही.

वारकरी सप्ताहातील काल्याच्या कीर्तनाशी याची तुलना करता येईल. काल्याचा विषय कीर्तनकाराला बदलता येत नाही. कृष्णाच्या बाललीलेवरच बोलावे लागते. कीर्तनकाराचे कौशल्य दिसते ते ठरलेल्या विषयातून श्रोत्यांच्या आजच्या जगण्याला हात घालण्यात. वाचनमाला प्रवचनकाराकडून वर्षाच्या प्रत्येक रविवारी हेच मागते.

मोकळेपणाची बाजू

सर्वच चर्च हे बंधन मानत नाहीत. १ जानेवारी १५१९ रोजी झुरिचच्या मुख्य चर्चमध्ये हुल्ड्रिख झ्विंगली यांनी ठरलेले उतारे बाजूला ठेवले आणि मत्तयाच्या शुभवर्तमानावर पहिल्या अध्यायापासून सलग प्रवचने सुरू केली. तुकड्यातुकड्यांत वाचल्याने ग्रंथाचा मूळ ओघ हरवतो, असा हा आक्षेप होता. तीन वर्षांनी उपवासकाळात झुरिचमधील एका छापखान्यात मांस खाल्ले गेले, तेव्हा झ्विंगली यांनी त्या कृतीचे प्रवचनातून समर्थन केले. उपवासाचे दिवस शास्त्राने सांगितलेले नाहीत, म्हणून त्यांची सक्ती करता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणजे ऋतूंचे आणि वाचनमालेचे, अशी दोन्ही बंधने एकाच शहरात सैल झाली. लक्षात घेण्याची बाब अशी की, झ्विंगली यांनीही दर रविवारी मनाला येईल तो उतारा घेतला नाही. त्यांनी ग्रंथाचा क्रम स्वीकारला.

आजच्या बॅप्टिस्ट, पेंटेकॉस्टल आणि अनेक स्वतंत्र मंडळ्यांमध्ये उतारा निवडण्याचे स्वातंत्र्य पाळकाला असते. बॅप्टिस्ट परंपरा प्रबळ असलेल्या नागालँडमध्ये नाताळ आणि ईस्टर उत्साहाने साजरे होतात. तरी वर्षभराची रंगीत चौकट तेथील उपासनेचा कणा नाही. मंडळीपुढे अचानक संकट आले, तर त्याला अनुरूप शास्त्रवचन त्याच रविवारी घेता येते, ही या पद्धतीची ताकद आहे. पाळकाच्या आवडत्या चार-पाच विषयांभोवती सारे प्रवचन फिरत राहण्याचा धोकाही तिच्यातच आहे.

वाचनमालेवरही आक्षेप आहेत. तीन वर्षांत संपूर्ण बायबल वाचून होत नाही. जुन्या करारातील अनेक कथा, विशेषतः स्त्रियांवरील अत्याचाराच्या कथा, रविवारी ऐकूच येत नाहीत, अशी टीका अभ्यासकांनी केली आहे. कॅथलिक दैनंदिन प्रार्थनेतून ५८, ८३ आणि १०९ या क्रमांकांची शापवाणीची स्तोत्रे १९७० च्या रचनेत वगळण्यात आली. मठवासीयांसह अनेकांना ते रुचले नाही. माणसाचा संताप देवासमोर मांडण्याची जागाच काढून घेतली, असे त्यांचे म्हणणे होते. वाचनमालाही शेवटी माणसांनीच केलेली निवड असते. फरक एवढाच की, ती निवड एका माणसाची नसते आणि एका आठवड्यापुरती नसते.

दोन रविवार

ठरलेला उतारा प्रवचनकाराला किती बळ देऊ शकतो, याची विसाव्या शतकातील दोन उदाहरणे प्रसिद्ध आहेत.

जर्मन धर्मशास्त्रज्ञ डीट्रिख बोनहोफर यांना नाझी राजवटीने एप्रिल १९४३ मध्ये अटक केली. तुरुंगातून लिहिलेल्या काही पत्रांवर त्यांनी तारखेऐवजी उपासनावर्षातील रविवारांची नावे घातली आहेत. त्या वर्षीच्या आगमनकाळापूर्वी लिहिलेल्या पत्रात त्यांनी कोठडीची तुलना आगमनकाळाशी केली : माणूस वाट पाहतो, आशा धरतो, किरकोळ कामे करतो, पण दार बाहेरूनच उघडावे लागते. ८ एप्रिल १९४५ हा ईस्टरनंतरचा पहिला रविवार होता. बव्हेरियातील शोनबर्ग या गावी एका शाळेत ठेवलेल्या सहबंद्यांनी त्यांना उपासना घेण्याची विनंती केली. बोनहोफर यांनी त्या दिवसासाठी नेमलेली वचने घेतली. एक यशयाचे, दुसऱ्याच्या जखमांतून मिळणाऱ्या आरोग्याविषयीचे. दुसरे पेत्राच्या पहिल्या पत्रातील, पुनरुत्थानातून जन्मलेल्या जिवंत आशेविषयीचे. उपासना संपताच त्यांना नेण्यासाठी पहारेकरी आले. दुसऱ्या दिवशी पहाटे फ्लोसेनबुर्गच्या छळछावणीत त्यांना फाशी देण्यात आली. मृत्यूच्या आदल्या दिवशीचे विवेचन त्यांनी आपल्या निवडीच्या वचनावर केले नव्हते.

दुसरे उदाहरण मध्य अमेरिकेतील एल साल्वादोरचे. तेथील आर्चबिशप ऑस्कर रोमेरो यांची रविवारची प्रवचने धर्मप्रांताच्या रेडिओवरून देशभर ऐकली जात. त्यांची मांडणी ठरलेली असे. आधी त्या रविवारच्या तिन्ही वाचनांचे विवेचन, मग सरत्या आठवड्यात मारले गेलेल्या, बेपत्ता झालेल्या माणसांची माहिती. २३ मार्च १९८० हा उपवासकाळातील पाचवा रविवार होता आणि ते लूकचे वर्ष असले तरी त्या दिवशीचे वाचन योहानाच्या शुभवर्तमानातील होते : दगडमार करण्यासाठी आणलेल्या स्त्रीची कथा. माणसाच्या प्रतिष्ठेवर बोलत रोमेरो शेवटी सैनिकांकडे वळले. देवाच्या आज्ञेविरुद्धचा हुकूम पाळण्याचे बंधन कोणत्याही सैनिकावर नाही, असे सांगून त्यांनी दडपशाही थांबवण्याचा आदेश देवाच्या नावाने दिला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एका रुग्णालयाच्या प्रार्थनागृहात स्मरणमिस्सा करत असताना त्यांची गोळी घालून हत्या झाली. त्या मिस्सात जमिनीत पडून मरणाऱ्या आणि पीक देणाऱ्या गव्हाच्या दाण्याचा उतारा वाचला गेला होता. १४ ऑक्टोबर २०१८ रोजी चर्चने त्यांना संत म्हणून घोषित केले.

सत्तेविरुद्ध बोलणाऱ्या प्रवचनकारावर राजकारण केल्याचा आरोप नेहमीच होतो. वर्षांपूर्वी ठरलेला आणि त्याच दिवशी जगभर वाचला जाणारा उतारा हातात असला की, त्या आरोपाला निदान अर्धे उत्तर मिळालेले असते.

मराठीत आलेली उपासना

ही कथा लोकांच्या भाषेत पोहोचवण्याचा प्रश्न मराठी मुलखात चारशे वर्षांपूर्वीच उभा राहिला. १५७९ मध्ये गोव्यात आलेले इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी नवख्रिस्ती समाजासाठी मराठी ओवीत ‘क्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ मध्ये राशोल येथे छापले गेले. धर्मांतरानंतर पुराणश्रवणाला मुकलेल्या लोकांना त्यांच्याच छंदात बायबलची कथा मिळावी, हा त्यामागचा विचार होता. जुन्या आणि नव्या करारांची कथा सांगणाऱ्या या ग्रंथात सुमारे अकरा हजार ओव्या आहेत.

एकोणिसाव्या शतकात प्रॉटेस्टंट मिशनांनी बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले. श्रीरामपूर येथून विल्यम कॅरी यांचा मराठी नवा करार १८११ मध्ये निघाला. अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर परिसरात, अमेरिकन मराठी मिशनचे कृष्णराव सांगळे यांनी कीर्तनाचा साज ख्रिस्ती कथेला चढवला. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी अभंग आणि भजने लिहून मराठी उपासनेला स्वतःचा सूर दिला. ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातून त्यांची भजने आजही गायली जातात. पंडिता रमाबाई यांनी आयुष्याची अखेरची वर्षे संपूर्ण बायबलच्या मराठी भाषांतरासाठी वेचली. १९२२ मध्ये जॅक विन्स्लो यांनी स्थापन केलेल्या ख्रिस्त सेवा संघाने पुढे पुण्यात प्रार्थनेभोवती उभे राहिलेले आश्रमजीवन घडवले.

कॅथलिक चर्चमध्ये मात्र मिस्साची भाषा दीर्घकाळ लॅटिनच होती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज संमत केला आणि लोकभाषांचा मार्ग मोकळा झाला. प्रवचन हा उपासनेचाच भाग आहे, आणि रविवारी ते गंभीर कारणाशिवाय टाळू नये, असेही त्या दस्तऐवजात सांगितले आहे. वसईत मराठीतून प्रार्थना करणाऱ्या समाजासाठी १९९८ मध्ये स्वतंत्र धर्मप्रांत झाला. याच समाजातील फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ सिद्ध केले. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद येथे झालेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते.

उत्तर भारतातील सहा प्रॉटेस्टंट परंपरा एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झाले तेही महाराष्ट्रात, नागपूर येथे. त्यासाठी २९ नोव्हेंबर १९७० हा दिवस निवडला गेला. तो आगमनकाळाचा पहिला रविवार, म्हणजे उपासनावर्षाचा पहिला दिवस होता.

भारतीय ऋतूंची जोड

पाश्चात्त्य उपासनावर्षाची प्रतिमासृष्टी युरोपातील हिवाळा आणि वसंताशी जोडलेली आहे. भारतात ईस्टर उन्हाच्या काहिलीत येतो आणि सामान्यकाळाचा मोठा भाग पावसाळ्यात जातो. लोकांनी या वर्षाला आपले ऋतू जोडून घेतले. २४ जूनला, पावसाळ्याच्या तोंडावर, गोव्यात संत योहानाच्या सणाला तरुण विहिरीत उड्या घेतात. मरियेच्या भेटीने अलिशिबेच्या उदरातील बाळ योहानाने आनंदाने उडी मारली, या कथेशी ती रीत जोडली जाते. ऑगस्टमध्ये राय या गावी नव्या भाताच्या कणसांना आशीर्वाद दिला जातो. ८ सप्टेंबरच्या मरियेच्या जन्मोत्सवाला मंगळूरच्या कोंकणी घरांत नव्या पिकाचे जेवण होते, तर मुंबईत वांद्र्याच्या माउंट मेरीची जत्रा भरते. मुंबईतील मराठीची बोली बोलणारा ईस्ट इंडियन समाज ऑक्टोबरमध्ये आगेरा हा पिकाचा सण पाळतो.

केरळमधील संत थॉमस ख्रिस्ती समाजाचे उपासनावर्ष तर मुळातच वेगळे आहे. ते सिरियाई परंपरेतून आलेले आहे. मलंकर ऑर्थोडॉक्स चर्चचे वर्ष ऑक्टोबरच्या अखेरीस किंवा नोव्हेंबरच्या सुरुवातीला चर्चच्या शुद्धीकरणाच्या रविवारी सुरू होते. सिरो-मलबार चर्चमध्ये राखेचा विधी बुधवारी होत नाही. महाउपवास सोमवारी सुरू होत असल्याने तो सोमवारीच होतो. योना संदेष्टा आणि निनवे शहराच्या पश्चात्तापाची आठवण म्हणून त्याआधी तीन दिवसांचा स्वतंत्र उपवासही पाळला जातो.

नव्या दिवसांची भरही पडत असते. भारतातील चर्च संघटना नोव्हेंबरमध्ये दलित मुक्ती रविवार पाळतात. जातिभेद चर्चच्या आतही शिरला आहे, याची जाहीर कबुली त्या दिवसात आहे. वर्षातून एक रविवार या विषयाला मिळाला की उरलेले सारे रविवार त्यापासून मोकळे होतात का, हा प्रश्न त्या दिवसाबरोबरच उभा राहतो.

ऐकणाऱ्याची बाजू

वाचनमाला विषय देते, विचार देत नाही. तोच उतारा तीन वर्षांनी परत येतो आणि प्रवचनकाराने जुनीच टिपणे काढली, तर श्रोत्याला ते लगेच कळते. पोप फ्रान्सिस यांनी २०१३ च्या आपल्या प्रबोधनपत्रात प्रवचनाच्या तयारीला बरीच पाने दिली. प्रवचनाचा त्रास ऐकणाऱ्यालाही होतो आणि करणाऱ्यालाही, असे त्यांनी त्यात मोकळेपणाने नोंदवले. जून २०२४ मध्ये त्यांनी प्रवचन आठ मिनिटांपेक्षा लांबू नये, असा सल्ला दिला. लांबले की लोकांना झोप लागते, हे कारणही सांगितले.

ठरलेल्या वाचनाने श्रोत्याच्या हातातही एक माप दिले आहे. येत्या रविवारी काय वाचले जाणार, हे त्याला आधीच ठाऊक असू शकते. घरच्या सायंप्रार्थनेत तो उतारा वाचून आलेल्या माणसाला, प्रवचनकाराने त्यातील अवघड वाक्य समजावून सांगितले की शिताफीने टाळले, हे ओळखता येते. अशा श्रोत्यासमोर उभे राहणाऱ्याला तयारी करूनच यावे लागते.